यात्रेकरूची स्थाननिष्ठा व तीर्थोपाध्यांच्या वह्या

धनत्रयोदशीच्या सुमारास तळोदा गांवांतून यात्रेकरूंच्या टोळ्या सातपुड्याच्या वाटेस लागतात. कोठार, देवनदी, असली, जुना अस्तंबा या मार्गानें डोंगर चढून अस्तंब्याच्या शिखरीं अश्वत्थाम्याचें दर्शन घ्यावयाचें, असा हा प्रघात आहे. नंदुरबार, शहादा या बाजूंचे लोक तर येतातच. शिवाय गुजरात व मध्यप्रदेश येथूनहि येतात. शिखराची उंची १३२५ मीटर असून शेवटचा चढ बिकट आहे. वर कोरीव कामाचें देवालय नाहीं, कोणा राजाची धर्मशाळा नाहीं, यात्रेकरूचें नांव लिहून घेणारा उपाध्याय नाहीं. घरोघर दिवे लागत असतां हे लोक काळोखांत दगडांवरून चालत असतात. असें असूनहि यंदा गेलेला मनुष्य पुढील वर्षीं पुन्हा निघतो, आणि त्याच्यामागून त्याचा धाकटा भाऊ निघतो.

प्रस्तुत लेखकानें शिक्षकाच्या पेशांत अनेक वर्षें हा प्रकार पाहिला आहे. दिवाळीची सुटी संपून शाळा भरली म्हणजे वरच्या वर्गांतील दोनचार मुलांचे पाय सुजलेले असावयाचे. कारण विचारण्याची गरज नसे. त्यावरून जो प्रश्न मनांत उभा राहिला तो असा कीं, एकदां पाहिलेल्या स्थळीं मनुष्य पुनःपुन्हा कां जातो? हल्लीं प्रवासाचा धंदा करणारे लोकहि हाच प्रश्न आपल्या परीनें विचारतात, आणि उत्तम निवास, सुग्रास भोजन व रमणीय देखावे हें त्याचें उत्तर म्हणून सांगतात. संशोधकांस हा विषय खाणावळवाल्यांचा वाटेल. परंतु त्याचें खरें उत्तर ज्या कागदांत आहे ते कागद या त्रैमासिकाच्या वाचकांच्या कपाटांत येऊन पडले आहेत, अगर पडण्याच्या वाटेवर आहेत. सबब हा लेख.

प्रथम शास्त्रग्रंथांकडे वळूं. बाराव्या शतकांत लक्ष्मीधरानें कृत्यकल्पतरूंत तीर्थविवेचन हें स्वतंत्र कांड घातलें. त्यानंतर वाचस्पतिमिश्राचा तीर्थचिंतामणि, नारायणभट्टाचा त्रिस्थलीसेतु, मित्रमिश्राच्या वीरमित्रोदयांतील तीर्थप्रकाश, अशी निबंधग्रंथांची परंपराच लागते. तीर्थास कोणी जावें, कसें जावें, तेथें मुंडन, उपवास, श्राद्ध व दान हीं कशीं करावीं, याचा त्यांत पुष्कळ खल आहे. फलश्रुतीहि आहे. परंतु फलश्रुतीवरून जाण्याचें कारण कळतें, परत जाण्याचें कळत नाहीं. प्रत्येक माहात्म्य आपल्या क्षेत्रास इतरांहून वरचढ ठरवितें. तें सर्व कोणी अक्षरशः मानलें तर त्यानें दर वर्षीं नवें क्षेत्र धुंडाळलें पाहिजे, कारण जुन्याचें फल पदरांत पडलेंच आहे! प्रत्यक्षांत घडतें तें याच्या उलट.

त्रिस्थलीसेतूंत मात्र एक स्थळ फार उद्बोधक आहे. नारायणभट्टाचें घराणें मूळचें पैठणचें. तो सोळाव्या शतकांत काशीच्या पंडितांत अग्रगण्य होता. विश्वेश्वराचें लिंग काळाच्या उत्पातांत हलविलें गेलें व त्या जागीं दुसरें आलें, तर पूजा कोणाची करावी, या शंकेस त्याचें उत्तर असें कीं, त्या स्थानीं जें लिंग असेल त्याचीच करावी. म्हणजे वस्तु बदलली तरी स्थान बदलत नाहीं. यात्रेकरूची निष्ठा पाहण्याच्या वस्तूवर नसून जागेवर असते, हें त्या धर्मशास्त्र्यानें नेमकें ओळखलें होतें. पण जागा तर मुकी. ती मनुष्यास बांधून ठेवते कशी?

याचा उलगडा तीर्थोपाध्यांच्या वह्यांवरून बराचसा होतो. नाशिक, त्र्यंबक, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार या क्षेत्रीं यात्रेकरू उतरला कीं पहिला प्रश्न त्याच्या गांवाचा, दुसरा आडनांवाचा, तिसरा जातीचा अगर कुळाचा. त्यावरून तो कोणत्या उपाध्याच्या वांट्याचा हें ठरतें. प्रयागास तर प्रत्येक प्रयागवाळाची खूण ठरलेली असून ती उंच काठीवरील निशाणावर फडकत असते. अक्षरशून्य मनुष्यासहि आपला उपाध्या दुरून ओळखतां यावा ही त्यांतील योजना. उपाध्याच्या घरीं गेल्यावर जुनी वही निघते. तींत यात्रेकरूच्या पूर्वजाचा लेख असतो: स्वतःचें नांव, बापाचें, आज्याचें, भावांचीं व मुलांचीं नांवें, मूळ गांव, त्या वेळचा मुक्काम, शक, मिति, यात्रेचें निमित्त; आणि शेवटीं, आपल्या वंशांतील जो कोणी पुढें येईल त्यानें याच उपाध्यास मानावें, अशा आशयाचें वचन. खालीं सही, अक्षरओळख नसेल तर निशाणी. नवा आलेला मनुष्य त्या लेखाखालीं आपली पिढी जोडतो, व वही पुन्हा बांधली जाते.

हें वचन केवळ भाविकपणाचें नव्हे. याज्ञवल्क्यानें पितामहार्जित धनाच्या प्रकरणांत भूमि व द्रव्य यांच्या जोडीस निबंध हा पदार्थ सांगितला आहे. ठराविक रीतीनें कायम मिळणारी प्राप्ति असा त्याचा स्थूल अर्थ. त्याच धोरणानें इंग्रजी अमदानींत मुंबईच्या न्यायालयांनीं वंशपरंपरागत उपाध्येपणाची वृत्ति स्थावर मिळकतींत गणिली. वृत्तीची भाऊबंदांत वांटणी होई, ती गहाण पडे, प्रसंगीं विकलीहि जाई. यात्रेकरू जंगम खरा, पण त्याचें येणें स्थावर! व्यवहारी लोकांस यावर मुलाबाळांचा संसार चालेल इतका भरंवसा वाटत होता, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. एखाद्या कुळाचे नातूपणतू याच दारीं येतील, याविषयीं शंका असती तर तें येणें गहाण ठेवून घेण्यास सावकार तयार झाला नसता.

उपाध्यांच्या लोभाच्या कथा सर्वश्रुत आहेत आणि त्या सर्वच खोट्या आहेत असें नाहीं. परंतु धरून ठेवणारें सूत्र लोभाचेंच असतें तर रेल्वे होऊन वाटा सुलभ झाल्यावर, व रूढीचा धाक ओसरल्यावर, यात्रेकरू हात सोडवून केव्हांच मोकळा झाला असता. दक्षिणा देण्यास कोणी उत्सुक नसतो. मनुष्य उत्सुक असतो तो आज्याचें अक्षर पाहण्यास. प्रस्तुत लेखकाच्या आज्याची सही त्र्यंबक येथील एका वहींत आहे. घरीं त्यांच्या हातचा दुसरा एकहि कागद उरलेला नाहीं. आमच्या घरचे लोक इतर ज्योतिर्लिंगें सोडून त्र्यंबकासच कां जातात याचें कारण शिवपुराणांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं.

या वह्यांचें ऐतिहासिक मोल किती, याचें उत्तम उदाहरण उत्तरेंतलें आहे. गुलेरचा प्रसिद्ध चित्रकार नैनसुख १७६३ मध्यें हरिद्वारास गेला असतां त्यानें पंड्याच्या वहींत आपला लेख लिहिला व बरोबर एक रेखाचित्रहि काढलें. बी. एन. गोस्वामी यांनीं अशा वह्या धुंडाळून पहाडी चित्रकारांच्या वंशावळी लाविल्या, आणि चित्रांची शैली दरबारावरून नव्हे तर चित्रकाराच्या घराण्यावरून ओळखावी हा सिद्धांत १९६८ मध्यें मांडला. ज्या माणसांचीं नांवें कोणत्याहि राजाच्या दप्तरांत उमटलीं नाहींत त्यांचा इतिहास तीर्थाच्या वहीवरून उभा राहिला. पुढें १९७७ पासून अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळी-संस्थेनें हरिद्वार वगैरे ठिकाणच्या वह्यांच्या चित्रफिती घेण्याचें काम हातीं घेतलें. आपल्याकडे या दिशेनें झालेलें काम अगदीं तुटपुंजें आहे.

आतां कोणी असा आक्षेप घेईल कीं, वही हें निमित्त. मनुष्य पुन्हा जातो तो सोयीमुळें. घाट, धर्मशाळा, अन्नछत्र जेथें चांगलें तेथें ओढा अधिक. या आक्षेपाचा विचार तळोद्याच्या माणसास करावाच लागतो. तळोद्याचे जहागीरदार भोजराज बारगळ हे मल्हारराव होळकरांचे मामा. लहानपणींच पितृछत्र हरपलेले मल्हारराव (जन्म १६९३, मृत्यु १७६६) तळोद्यास मामांकडे वाढले, आणि मामांची कन्या गौतमाबाई यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. या तळोद्याच्या लेकीची सून म्हणजे अहल्याबाई. काशीच्या विश्वेश्वराचें देवालय, गयेचें विष्णुपद मंदिर, सोमनाथचें नवें देवालय आणि ठिकठिकाणचे घाट, विहिरी व धर्मशाळा हीं त्यांचीं कृत्यें सर्वांस ठाऊक आहेत. हिंदुस्थानांत यात्रेकरूच्या सोयीसाठीं एका व्यक्तीनें इतका खर्च केल्याचें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

त्या धर्मशाळांमुळें असंख्य लोकांस पहिली यात्रा घडली, यांत संशय नाहीं. परंतु धर्मशाळेचें भूषण हेंच कीं तेथें कोणीहि उतरावें. आणि जेथें कोणीहि उतरतो तेथें कोणाची विशेष ओळख राहत नाहीं. सोयीनें वाट मोकळी होते. पुन्हा येण्याचें बोलावणें दुसरीकडून यावें लागतें. धर्मशाळेंत पथारी टाकून यात्रेकरू सकाळीं आपल्याच उपाध्याचें घर विचारीत निघे, हें सोयीच्या मर्यादेचें पुरेसें गमक आहे.

तळोद्याच्या आग्नेयेस तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें क्षेत्र आहे. त्यास दक्षिणकाशी म्हणतात. केदारेश्वर, संगमेश्वर, गौतमेश्वर हीं तेथील देवस्थानें. १९५५ मध्यें भारतीय पुरातत्त्व खात्यातर्फे बी. के. थापर यांनीं तेथील टेकाड खणलें तेव्हां ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे थर मिळाले. (एवढ्यावरून तीर्थहि तितकेंच जुनें असें प्रतिपादण्याचा मोह कांहींस होतो. तो आवरावा, मडक्यांच्या खापरांवरून वस्ती सिद्ध होते, पावित्र्य नव्हे.) प्रकाशाची यात्रा टिकण्याच्या दोन युक्ति मोठ्या चतुर आहेत. पहिली अशी: काशीस जाऊन आलेल्यानें प्रकाशास उत्तरपूजा केल्यावांचून काशीयात्रा पूर्ण होत नाहीं, असा इकडे समज आहे. काशीशीं स्पर्धा न करतां काशीच्या यात्रेचें शेवटचें पान आपल्याकडे ठेवून घेण्याची ही रीत आहे, व तीमुळें काशीस जाणारा प्रत्येक खानदेशी गृहस्थ आपोआप प्रकाशाचा होतो.

दुसरी युक्ति सिंहस्थाची. गुरु सिंह राशीस आला म्हणजे गौतमेश्वराची यात्रा भरते. खानदेशच्या १८८० च्या गॅझेटियरांत तिचा उल्लेख आहे. बारा वर्षांचें हें अंतर मनुष्याच्या आयुष्याशीं विलक्षण जुळतें. विशीच्या आंत आईबापांचा हात धरून पहिलें सिंहस्थ, पुढें पत्नीसह, मग मुलांसह, आणि शेवटीं नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. खेड्यांतील वृद्ध माणसें आपलें वय सिंहस्थांवरून सांगतात. तेथें वही नसली तरी हिशेब आहे, आणि तो हिशेब ज्याच्या त्याच्या स्मरणांत असतो.

तोरणमाळच्या डोंगरावर तर या विषयाची परीक्षाच घेतां येते. एकाच माथ्यावर, एकाच यशवंत तलावाच्या कांठीं, दोन प्रकारचे लोक येतात. महाशिवरात्रीस गोरखनाथाच्या यात्रेसाठीं येणारे, आणि उन्हाळ्यांत थंड हवेसाठीं येणारे. हवा, पाणी, झाडी दोघांस सारखीच. पहिल्या वर्गांतील मनुष्य तेंच झाड, तीच चूल मांडण्याची जागा, तेच शेजारी शोधीत दर वर्षीं येतो. दुसऱ्या वर्गांतील मनुष्य देखावा पाहून प्रसन्न होतो व पुढच्या वर्षीं दुसरा डोंगर पाहण्यास जातो. त्यांत त्याचा कांहीं दोष नाहीं, कारण देखाव्यानें त्याच्याशीं कसलाच करार केलेला नव्हता. १८२८ नंतर सर जॉन माल्कमच्या खटपटीनें महाबळेश्वरास हवा खाण्याचें ठिकाण उभें राहिलें. तेथें जीं कुटुंबें पिढ्यानुपिढ्या जात राहिलीं त्यांचाहि एक ठराविक बंगला असे व ठराविक माळी असे, हें विसरूं नये. सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेंतील घोड्यांचा व्यापारी तीच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगेल: जेथें त्याच्या शब्दावर जनावर घेणारें गिऱ्हाईक आहे तेथें तो येतो.

येथवर वहीचें महत्त्व सांगितलें. परंतु वहीवांचून निष्ठा टिकत नाहीं असें मात्र नाहीं. याचा अलीकडील दाखला पंढरपूरचा. देवस्थानाविषयींच्या १९७३ च्या कायद्यानें बडवे व उत्पात यांचे वंशपरंपरागत हक्क नाहींसे केले. दीर्घ कज्जानंतर सर्वोच्च न्यायालयानें २०१४ मध्यें तो निर्णय कायम केला. कित्येक शतकांचा एक दुवा तुटला. पण वारी ओसरली नाहीं. कारण वारकऱ्याची ओळख बडव्याच्या दप्तरांत नव्हती, ती दिंडींत होती. आपल्या जागीं कोण चालतो आणि यंदा कोण आला नाहीं, हें दिंडीस तोंडपाठ असतें. वही असो वा दिंडी, आपली नोंद ठेवणारें व आपण आलों नाहीं तर विचारपूस करणारें कोणी तेथें आहे, एवढें मनुष्यास पुरतें.

या प्रकाशांत अस्तंब्याकडे पुन्हा पाहूं. अश्वत्थाम्यास शाप मिळाल्याची कथा महाभारताच्या सौप्तिकपर्वांत आहे. तेथें शापास मुदत आहे: तीन सहस्र वर्षें त्यानें निर्जन प्रदेशांत, कोणाशीं संभाषण न होतां, दुर्गंधीयुक्त देहानें भटकावें. लोककथेनें यांत दोन फेरफार केले. मुदत काढून टाकून त्यास चिरंजीव केलें. आणि ज्याच्याशीं कोणी बोलूं नये असा शाप, तो वाटेवरच्या माणसाजवळ कपाळाच्या जखमेसाठीं तेल मागतो व वाट चुकलेल्यास मार्ग दाखवितो, असें सांगितलें. ग्रंथपाठाच्या दृष्टीनें हा अपपाठ होय. यात्रेच्या दृष्टीनें पाहतां मात्र याहून अर्थपूर्ण बदल क्वचितच सांपडेल. मुदत असती तर ती केव्हांच सरली असती व शिखरावर जाण्याचें कारण उरलें नसतें. तसेंच, इतर देवांपाशीं मनुष्य मागणें घेऊन जातो. येथें देवच मागणारा आहे, व त्याचें मागणें कधींहि पुरें होत नाहीं. बऱ्हाणपूरजवळील अशीरगडावरहि अश्वत्थामा येत असल्याची समजूत आहे. तेव्हां ही कथा एका शिखराचीच मिरासदारी नव्हे. पण कथा अनेक ठिकाणीं असली तरी तळोद्याची टोळी अस्तंब्यासच जाते, कारण त्या टोळींतील थोरल्या मुलास त्याच्या थोरल्यानें त्याच वाटेनें नेलेलें असतें. वाटेवरील भिल्ल व पावरा वस्त्यांतून विसाव्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पाणी कोठें, अंधार पडल्यावर कोणत्या दगडापाशीं थांबावयाचें, हें सांगण्याचा मान दुसऱ्यांदा आलेल्यास मिळतो. पहिल्या यात्रेंत जो नेला जातो तो दुसऱ्या यात्रेंत नेणारा होतो, व हा मान मिळविण्यासाठीं पुन्हा यावेंच लागतें.

ही वाट आतां बदलत आहे. वाहनानें जातां येतें तेथवर जावें व उरलेलेंच चालावें, असा कल दिसतो. २०२५ च्या ऑक्टोबरांत चांदसैली घाटांत अस्तंब्याहून परतणाऱ्या यात्रेकरूंचें वाहन कोसळून अनेकांचा अंत झाला. त्यांत कोणाच्या घरीं दिवाळी उरली नाहीं. त्या दुःखाविषयीं येथें अधिक लिहिणें उचित नव्हे. परंतु गाडींत बसून गेलेल्या मुलास विसाव्याच्या जागा ठाऊक होत नाहींत, आणि पुढील वर्षीं धाकट्यास सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहीं राहत नाहीं.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. उपाध्यांच्या घरांतील तरुण नोकरीनिमित्त बाहेर पडले कीं वह्या अडगळींत जातात, व अडगळींतून रद्दींत अगर आपल्याकडे येतात. त्या रद्दींतून वांचविणें हें पुण्यकर्मच. परंतु चालू वृत्तीची वही विकत घेऊन आपल्या संग्रहीं आणणें हें प्रस्तुत लेखकाच्या मतें गैर होय. ताम्रपट जागेवरून हलला तरी त्याचा मजकूर शाबूत राहतो. वहीचें तसें नाहीं. नातवानें यावें, आज्याचें नांव ऐकावें व खालीं आपलें लिहावें, हें तिचें काम कपाटांत बंद पडतें. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या सरदाराच्या सहीचा तेवढा बंद काढून घेणें: त्या बंदापायीं बाकीच्या वहीचा क्रम मोडतो, आणि जीं शेंदोनशें कुणब्यांचीं, गुजरांचीं, कोष्ट्यांचीं घराणीं तींत होतीं त्यांचा एकमेव कागद निकामी होतो.

नाशिक व त्र्यंबक येथील ज्या वह्यांत तळोदा, शहादा, अक्कलकुवा व नवापूर या बाजूंच्या कुळांचे लेख असतील, त्यांच्या नकला उपाध्यांच्या संमतीनें त्यांच्याच ओसरीवर बसून घ्याव्या. मूळ गांव, आडनांव, शक व मिति, आणि पूर्वीच्या लेखाशीं नातें, एवढीं चार सदरें पुरेत. हयात माणसांचीं नांवें छापूं नयेत. मंडळानें या कामीं दोन लेखक दिले तर एका उन्हाळ्यांत आरंभ होईल. अस्तंब्याच्या वाटेवरील विसाव्यांचीं नांवें मात्र कोणत्याच वहींत नाहींत. तीं ज्यांस पाठ आहेत असे चार वृद्ध गृहस्थ तळोद्यांत व कोठारच्या बाजूस अद्यापि आहेत; त्यांच्याबरोबर बसून तीं क्रमवार उतरून घेण्यास येत्या दिवाळीची सुटी पुरेशी आहे.